पाहुणा, पट आणि पडदा : झाडीपट्टीचा प्रेक्षक कुठं गेला?

आजचा विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीचा आहे, पण सुरुवात आपण थोडी लांबून करू. अमेरिकेत एनबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे. १९९८ साली मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सची अंतिम मालिका झाली, तेव्हा दर सामन्याला तिथं सरासरी २ कोटी ९० लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. २०२० च्या अंतिम मालिकेला हा आकडा ७५ लाखांच्या आसपास आला. पुढच्या वर्षांत तो थोडा सावरला, तरी एक ते सव्वा कोटीच्या पुढे सहसा सरकला नाही. देश तोच, खेळ तोच, खेळाडूंचे पगार तर कितीतरी पटींनी वाढलेले. मग बघणारे गेले कुठं? यावर तिकडं रोज वाद चालतो. कुणी म्हणतं मोबाईल आला, कुणी म्हणतं सामने फार झाले, कुणी म्हणतं मोठे खेळाडू मैदानात उतरतच नाहीत.

हा वाद ऐकताना आम्हाला वाटलं, की अगदी याच तीन तक्रारी आपण आपल्याकडे ऐकलेल्या आहेत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी, या पट्ट्यात नाटक लावणाऱ्या कुठल्याही गावच्या मंडळाशी बोला. पंधरा मिनिटांत तिन्ही तक्रारी कानावर येतील. म्हणून आज आपण झाडीपट्टीच्या रंगभूमीकडे आणि तिच्या जोडीनं चालणाऱ्या शंकरपटाकडे बघणार आहोत. बघायचं आहे ते मंचाकडे पाठ करून, समोर बसलेल्या माणसांकडे. इतिहास नटांचा लिहिला जातो, नाटककारांचा लिहिला जातो. तिकीट काढून रात्रभर जमिनीवर बसणाऱ्याचा इतिहास कोण लिहितो?

प्रेक्षक जमायचा कसा?

आधी भूगोल. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा, भंडारा-गोंदियापासून खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतचा हा झाडीचा मुलूख. मामा तलावांचा, धानाचा. इथलं वर्ष धानावर चालतं. हलका धान दिवाळीच्या सुमारास निघतो, भारी धान त्यानंतर. म्हणजे दिवाळीपासून माणसाच्या हातात थोडा पैसा येतो आणि थोडी सवडही. फाल्गुनात मोहफुलं पडायला लागली की बायामाणसं पहाटेच जंगलात जातात, मग तेंदूपत्त्याचे दिवस येतात, पुढं पाऊस. तेव्हा करमणुकीची मुभा आहे ती भाऊबीज ते होळी एवढ्याच काळात. झाडीपट्टीच्या नाटकाचा हंगामही नेमका तेवढाच आहे. हा योगायोग नाही. धान कापला गेला की शेत रिकामं होतं, त्या रिकाम्या शेतातच शामियाना उभा राहतो आणि शेजारच्या बांधीत पटाची धावपट्टी तयार होते.

आता हंगामातलं एक गाव डोळ्यासमोर आणा. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरायला लागते. दिवसा बाजार, दंडार, गोंडी-गोवारी नाच. संक्रांतीच्या आगेमागे शंकरपट. बैलांच्या जोड्या चार-चार तालुक्यांतून येतात, बरोबर धुरकरी, जोडीचे मालक, त्यांचे शौकीन. पट एक दिवसाचा नसतो, दोन-तीन दिवस चालतो. एवढी माणसं गावात मुक्कामी राहिली, तर रात्री त्यांनी करायचं काय? नाटक बघायचं. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत खेळ चालायचा, कारण थंडीच्या रात्री बारा वाजता पाहुण्याला झोपायला जागा कुठून देणार? त्याला पहाटेपर्यंत जागतं ठेवणं हीच सोय.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आजच्या सगळ्या बोलण्याचा आधार तीच आहे. झाडीपट्टीचा प्रेक्षक हा आधी पाहुणा आहे. लेकीला माहेरी बोलवायचं निमित्त म्हणजे नाटक. सोयरीक जुळवायची, तर मुलगा-मुलगी बघायला मंडईचा मुहूर्त. व्याही, साळे, मामे, आत्या, सगळे रेंगी-खाचरांतून यायचे. ज्या घरी दहा पाहुणे आले, त्या घरची तिकिटंही दहा वाढली. मंडळानं जाहिरात केली नाही तरी चालायचं, गावातलं प्रत्येक घर म्हणजे एक तिकीटघर होतं. आणि आज आम्ही तुमच्याकडे आलो म्हणजे पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्या गावच्या पटाला यायचंच. म्हणजे ही उधारी-उसनवारी होती, पाहुणचाराची. एनबीएचे संघ यालाच घरचं मैदान आणि बाहेरचं मैदान म्हणतात. फरक एवढाच, की आपल्याकडे प्रवास खेळाडूंइतकाच प्रेक्षकही करत होता.

या व्यवस्थेला एक मुक्काम लागतो. तो झाला वडसा, म्हणजे देसाईगंज. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्या जिल्ह्यात दीर्घकाळ रेल्वेचं स्थानक होतं ते हे एकच. गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावरचं. नागपूरचे नट, नट्या, वादक इथं उतरू शकत आणि इथून चारही दिशांना जाऊ शकत. त्यामुळे नाट्यमंडळांची कार्यालयं इथंच थाटली गेली. हंगामाआधी गावोगावची मंडळं वडशाला येतात, नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, विसार देतात. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकीटविक्रीची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतं. नफा झाला तर शाळेला, देवळाला, गावच्या एखाद्या कामाला. तोटा झाला तर मंडळाच्या पोरांच्या खिशातून. हे ध्यानात ठेवा. प्रेक्षक घटला की पहिला मार कंपनीला बसत नाही, गावाला बसतो.

या रंगभूमीनं काय दिलं, त्याची एक पावती सरकारनं दिली आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका, अशी त्यांच्या कामाची नोंद आहे. पाच हजार प्रयोग म्हणजे पाच हजार रात्री. आणि प्रत्येक रात्री समोर जागं असलेलं गाव.

पट थांबला तेव्हा

इतिहासात प्रयोगशाळा नसते. पण कधी कधी एखादी तारीख असा घाव घालते, की आधी आणि नंतर असं ताडून बघता येतं. आपल्या विषयात ती तारीख ७ मे २०१४. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. त्याची मुळं २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेत होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट द्यायचा प्रयत्न केला, न्यायालयानं तो काही दिवसांतच रोखला. २०१७ साली महाराष्ट्रानं कायदा बदलला, तोही न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

बंदीमागचं कारण खोटं नव्हतं, हेही बोललं पाहिजे. बैलाला तुतारी टोचणं, शेपटी पिळणं, चावणं, हे प्रकार पटावर होत होते. बैलाला आपण पोळ्याला पुजतो, म्हणून पटावर त्याचे हाल होत नव्हते असं म्हणता येत नाही. आज परवानगी घ्यावी लागते, बैलांची तपासणी होते, काठी-चाबकाला मनाई आहे, हे चांगलंच झालं.

पण आपला प्रश्न प्रेक्षकाचा आहे. २०१४ ते २०२१, म्हणजे साताहून अधिक वर्षं, पटाच्या गावांत दिवसाचं निमित्त गेलं. नाटकावर बंदी नव्हती. नाटक चालूच राहिलं, मंडईला, यात्रेला, कबड्डीच्या सामन्यांना जोडून. पण जोडीमालक आले नाहीत, धुरकरी आले नाहीत, त्यांच्यासोबतचे पाहुणे आले नाहीत. आणि सात वर्षांत काय होतं, तर एक पिढी निमित्ताशिवाय मोठी होते. जो पोरगा २०१४ साली बारा वर्षांचा होता, तो २०२१ साली एकोणीसचा झाला. बापाच्या खांद्यावर बसून पट बघायचं वय संपलं, आणि आपल्या मित्रांना पटाला बोलवायचं वय बंदीतच निघून गेलं. पाहुणचाराची उधारी चुकली. कुणी कुणाकडे गेलं नाही, म्हणून कुणी कुणाला बोलावलं नाही.

गंमत बघा. त्याच २०१४ सालात, २६ जुलैला, प्रो कबड्डी सुरू झाली. म्हणजे तीन महिन्यांच्या आत मातीतला एक खेळ बंद पडला आणि मातीतलाच दुसरा खेळ मॅटवर चढून टीव्हीत गेला. गावातला माणूस दोन्हींकडे प्रेक्षकच होता. पण पहिल्या खेळात तो घराबाहेर पडायचा, दुसऱ्यात तो घरात बसला.

बंदी उठायच्या आधी आणखी एक घाव बसला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्या दिवाळीपासूनचा हंगाम कोलमडला. तिकडं एनबीएची त्या वर्षीची अंतिम मालिका ऑक्टोबरमध्ये, प्रेक्षकांशिवाय, एका बंदिस्त परिसरात खेळवली गेली. तीच ती ७५ लाखांवर आलेली मालिका. त्या घसरणीची कारणं अनेक असतील, पण एक कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. त्यांची अंतिम मालिका सहसा जूनमध्ये असते. हंगाम सोडून पेरलं, तर बियाणं चांगलं असूनही पीक तसं येत नाही.

टीव्ही आणि मोबाईल

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे टीव्ही आणि मोबाईल. हे उत्तर आपण तपासून घेऊ. दूरदर्शन आपल्याकडे ऐंशीच्या दशकात पोहोचलं, केबल नव्वदच्या दशकात. टीव्हीनंच प्रेक्षक मारला असता, तर झाडीपट्टीचं नाटक तेव्हाच संपायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट त्या काळात नाटक अधिक व्यावसायिक झालं, कंपन्या वाढल्या, प्रयोग वाढले. कारण टीव्हीवर सोयरे भेटत नव्हते.

मोबाईलचं वेगळं आहे. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि गावातला पोरगाही आपापल्या पडद्यात शिरला. आता झाडीपट्टीची अख्खी नाटकं यूट्यूबवर आहेत. पुण्यात कामाला गेलेला वडशाचा पोरगा खोलीवर बसून ती बघतो. हा प्रेक्षक वाढला की घटला? वाढलाही आणि घटलाही. बघणारे डोळे वाढले, शामियान्यातली माणसं कमी झाली. अमेरिकेतही हेच दुखणं आहे. सामन्याचा दोन मिनिटांचा तुकडा फोनवर बघणारे कोट्यवधी, अडीच तास बसणारे कमी. ज्या प्रादेशिक वाहिन्यांवर तिथले स्थानिक सामने दिसायचे, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे घरच्या संघाचा सामना घरच्या माणसालाच नेमका कुठं दिसतो, ते कळेनासं झालं.

पण मोबाईलपेक्षा मोठं एक कारण आमच्या मते आहे, आणि ते करमणुकीच्या चर्चेत फारसं येत नाही. ते म्हणजे प्रेक्षक हंगामात गावातच नसतो. सावली, मूल, सिंदेवाही, चामोर्शी भागातली हजारो माणसं धान निघाला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. नवरा-बायको दोघं जातात, कधी लेकरंही. जातात केव्हा? जानेवारीच्या सुमारास. परततात केव्हा? होळीला. म्हणजे नेमका पटाचा आणि नाटकाचा काळ. तरुण पोरं हैदराबाद, नागपूर, पुण्याला. ती दिवाळीला येतात, चार दिवस राहतात आणि जातात. धानाच्या एका पिकावर घर चालत नाही, म्हणून हे घडतं. आता सांगा, यात नाटकाचा काय दोष? रिकाम्या खुर्चीवरचा माणूस खम्मममध्ये मिरचीच्या शेतात आहे.

आणि जो गावात आहे, त्याला रात्रीची वाट सोपी राहिलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ या एका वर्षात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासच्या आसपास माणसं गेली. २०२१ च्या अखेरीपासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरतो आहे. पूर्वी वीस खाचरं एकापाठोपाठ निघायची, कंदील असायचा, गाणं असायचं. आज मोटारसायकलवर दोघं निघतात. पाच किलोमीटरचा जंगलातला रस्ता, रात्री दोन वाजता. बाईमाणूस घरी राहतं ते इथं.

फार झालं आणि हसं झालं

आता तिसरी तक्रार, जी मंचाच्या बाजूची आहे. एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. हिशेब केला तर १,२३० सामने होतात, बाद फेरी वेगळीच. रोज कुठला ना कुठला सामना असतो, म्हणून एकाही सामन्याची वाट बघावी लागत नाही. थकवा टाळायला संघ मोठ्या खेळाडूंना मधूनच विश्रांती देतात. तिकीट काढलं एकासाठी आणि मैदानात दिसला दुसराच. शेवटी २०२३ साली लीगला नियम करावा लागला, की नामांकित खेळाडूंना वाटेल तेव्हा बसवता येणार नाही.

आपल्याकडे बघा. एकाच रात्री शेजारच्या चार गावांत चार नाटकं. चौघांचा प्रेक्षक एकच. नागपूर-मुंबईहून आणलेल्या कलावंताचं नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, आणि तो मंचावर येतो पंधरा मिनिटं. कथानकाला दम नाही, म्हणून मध्ये नाच घाला. नाचानं गर्दी वाढली, म्हणून आणखी नाच. पुढं नाटक बाजूला ठेवून नुसता 'डान्स हंगामा' लावायची टूम निघाली, आणि त्यातल्या काहींचं स्वरूप असं झालं, की पोलिसांना यावं लागलं.

हंगाम्याला गर्दी होते, हे खरं आहे. पण गर्दीत कोण आहे ते बघा. सासू नाही, सून नाही, माहेरी आलेली लेक नाही. पाहुणा या प्रेक्षकाचा पाया आहे असं आपण म्हटलं, आणि पाहुण्यांना बोलावणं धाडते ती घरातली बाई. तिला जिथं बसता येत नाही, तिथं ती कुणाला बोलावणार? एका रात्रीचा गल्ला भरतो आणि पुढच्या दहा वर्षांचा प्रेक्षक जातो. चिल्लर जमवायला मोहर मोडली, असा हा व्यवहार आहे.

याला उत्तर देणारेही याच मातीत आहेत. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर नाटक केलं आणि ते झाडीपट्टीनं बघितलं. म्हणजे गंभीर विषय चालत नाही, हे खरं नाही. आपल्या घरातली गोष्ट मंचावर दिसली, तर गाव आजही जागतं.

मोजणार कोण?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. एनबीएचा प्रेक्षक घटला, हे आपल्याला कळतं कसं? मोजलं म्हणून. आणि मोजल्यामुळेच एक विचित्र गोष्टही दिसते. प्रेक्षक घटत असताना लीगनं ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार केला. म्हणजे पैसा आणि प्रेक्षक ही दोन वेगळी खाती आहेत. एक भरलं म्हणजे दुसरं भरलं, असं नाही. झाडीपट्टीबद्दल कुणी 'कोटींची उलाढाल' असं म्हणालं, की आपण विचारलं पाहिजे, की माणसं किती? त्यांत बाया किती? बाहेरगावचे किती?

हे आज कुणालाच नेमकं सांगता येणार नाही, पण त्याचे कागद आहेत. गावोगावच्या मंडळांच्या वह्या आहेत. कुणाला किती विसार दिला, जमिनीची तिकिटं किती गेली, खुर्च्यांची किती, उरलं त्यातून काय बांधलं, हे कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं आहे. ती वही कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत आहे. दर काही वर्षांनी घर नवं होतं, पेटी रिकामी होते आणि वही चुलीत जाते. फलक तर पावसाळ्याच्या आतच संपतात.

तेव्हा जे कुणी चंद्रपूर-गडचिरोलीचे हे ऐकत असतील, त्यांना आमचं एक काम आहे. होळीला गावी जाल, तेव्हा मंडळाच्या जुन्या अध्यक्षाला भेटा. वही आहे का विचारा. असली तर पानापानाचा फोटो काढा, वही त्यांच्याकडेच राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, की नाटकाला तुझ्या घरी किती पाहुणे यायचे, कुठून यायचे, आणि कधीपासून येईनासे झाले. ती वर्ष सांगणार नाही कदाचित. 'अमक्याचं लगन झालं त्याच्या पुढच्या साली', असं सांगेल. तेच लिहून घ्या, साल आपण नंतर काढू.

पट परत आला आहे. जोड्या पुन्हा धावू लागल्या आहेत आणि रात्री पडदाही उघडतो आहे. पण पटाची परवानगी न्यायालय देऊ शकतं, पाहुण्याला बोलावणं न्यायालय धाडू शकत नाही. ते आपल्या घरातूनच जावं लागेल. आणि मिरचीच्या शेतात गेलेल्या माणसाला संक्रांतीला गावात थांबणं परवडेल का, हा प्रश्न नाटकाचा नाही, धानाच्या भावाचा आहे. रंगभूमीची चर्चा करणाऱ्यांनी तोही विचारायला हवा.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.